केशवरावांच्या फाइलीतलं कोरं पान

माझे अप्पा, केशवराव, पुस्तकं बांधतात. अफझलगंजला, मोठ्या लायब्ररीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. आजोबा उदगीरकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला आले आणि हे काम शिकले, अप्पा त्यांच्याकडून शिकले, मी शिकले नाही. पण शाळेच्या सुट्टीत मला तिथं पानं मोजायला बसवलं जायचं. मराठी शाळेचं तोंडही न पाहिलेली मी मराठी वाचते-लिहिते, ती त्या पानांमुळं. माझ्याकडून एखादं पान मागंपुढं झालं तर अप्पा रागवायचे नाहीत, नुसतं "अरे रे" म्हणायचे, आणि त्यानंच मला रडू फुटायचं.

त्यांच्या कामातली एक रीत आधीच सांगून ठेवते. जुन्या पुस्तकातलं एखादं पान गहाळ असतं. ते कुठून तरी मिळण्यासारखं असेल, तर अप्पा त्या जागी बोटभर रुंदीची कागदाची पट्टी शिवतात. पान आलं की त्या पट्टीला चिकटवायचं. आणि पान आता कधीच मिळणार नाही याची खात्री असेल, तर तिथं अख्खं कोरं पान घालतात. "वाचणाऱ्याला कळाय पाह्यजे," ते म्हणायचे, "की इथं काही तरी होतं, अन् ते गेलं. फसवू नै कुणाला."

अप्पांच्या डोक्यावर नेहमी पांढरी टोपी असते. नऊ वर्षांचे असताना आजोबांच्या दुकानात खळीचं उकळतं पातेलं त्यांच्या डोक्यावर कलंडलं होतं. उजव्या कानाच्या वर, मागच्या बाजूला तळहाताएवढी जागा भाजली, तिथं पुन्हा केस आले नाहीत. गुळगुळीत, फिकट, ताणलेली कातडी. माझ्या लग्नाआधी काही महिने तिथं एक चीर पडली आणि बुजेना. अप्पांनी कुणाला सांगितलं नाही. टोपीला आतून जुन्या धोतराचं अस्तर लावून घेतलं आणि काम सुरू ठेवलं. टोप्या आई धुते. अस्तरावर रोज तेच पिवळट-तांबडे डाग पाहून तिनं त्यांना मलकपेठेतल्या, आमच्या घराजवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये ओढून नेलं. डॉक्टरांनी जागा बधिर करून चिरेभोवतीचा तुकडा कापून काढला, चार टाके घातले. अप्पा टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टर गावाला गेलेले, कंपाउंडरनं टाके काढून दिले. "साधी गाठ होती म्हणाले लॅबवाले," आईनं सांगितलं. त्याच सुमारास माझा साखरपुडा झाला, दोन महिन्यांत लग्न झालं, आणि मी रितेशबरोबर सिकंदराबादला राहायला गेले.

चौदा महिन्यांनी ते परत आलं. त्याच जागी, पण या वेळी कडा वर उचललेल्या, मधे खड्डा, आणि टोपी काढली की वास. शिवाय उजव्या कानाखाली मानेत लिंबाएवढी टणक गाठ. मी ती पाहिली रविवारी, माहेरी जेवायला गेले तेव्हा. अप्पांनी वाकून पाणी घेतलं आणि सदऱ्याच्या कॉलरच्या वर ती दिसली. मी जेवणावरून उठले. मी तापट आहे, हेही सांगून टाकते, म्हणजे पुढच्याचं कुणाला नवल वाटणार नाही. "किती दिवस झाले याला?" मी ओरडले, तर दोघंही ताटाकडे बघत बसले.

कॅन्सरच्या दवाखान्यात डॉक्टर अपर्णा म्हणून सर्जन होत्या, मूळच्या पुण्याच्या. मराठी बोलणारी डॉक्टर भेटली म्हणून आईला केवढं हायसं वाटलं. डोक्यावरचा तुकडा तपासला, मानेतल्या गाठीत सुई घालून तपासलं. भाजलेल्या जुन्या व्रणात पुष्कळ वर्षांनी होणारा कातडीचा कॅन्सर, आणि तो मानेच्या गाठींपर्यंत उतरलेला. डॉक्टरांनी हे आवाज न चढवता, न पाडता सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा काढला होता तेव्हाचा रिपोर्ट द्या. किती खोल गेला होता, कडेला काही राहिलं होतं का, ते कळलं तर मला किती काढायचं ते ठरवायला बरं पडेल."

अप्पांनी पिशवीतून फाइल काढली. फाइल कसली, त्यांनी पुस्तकच बांधलं होतं: निळा पुठ्ठा, कापडी पाठ, सगळे कागद तारखेनुसार शिवलेले. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "पेशंटनं इतकं नीट आणलेलं मी पाहिलं नाही." पहिलं पान नर्सिंग होमच्या चिठ्ठीचं. दुसरं कोरं. तिसऱ्यापासून या वर्षीचे कागद. "हे मधलं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो कागद नै मिळाला," अप्पा म्हणाले.

"लॅबवाल्यांनी तोंडीच सांगितलं होतं," आई घाईनं म्हणाली. "कागद दिलाच नाही."

तोंडी! माझं डोकं तिथंच भडकलं. माझ्या बापाच्या डोक्यात काय होतं ते कुणी तोंडी सांगून मोकळं होतं? दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी त्या लॅबमध्ये गेले. काउंटरवर करीमसाहेब म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. त्यांनी त्या महिन्याचं रजिस्टर काढलं, बोट फिरवत सगळी नावं पाहिली, मग आधीचा महिना, मग नंतरचा. "बेटी, नाम हीच नहीं है. आया होता तो लिखा होताच." मी त्यांना खोटारडे म्हटलं. लोकांसमोर म्हटलं. तीन दिवस रोज गेले, आणि तो माणूस रोज तीच रजिस्टरं माझ्यासमोर उघडत राहिला. तिसऱ्या दिवशी मी सांगून आले, की आता वर तक्रार करते.

त्या संध्याकाळी मलकपेठेच्या घरी बसून मी तक्रार लिहीत होते. आई ओट्याशी भाजी परतत होती. अप्पा दुकानात होते.

"त्या म्हाताऱ्याची नोकरी जाईल का गं?" आईनं विचारलं.

"गेली तर गेली."

आईनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "नको लिहू, माधवी. मी बाटली दिलीच नव्हती त्यांना."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं. नर्सिंग होममधल्या मुलीनं औषधाच्या पाण्यात बुडवलेला तो तुकडा बाटलीत घालून तिच्या हातात दिला, लॅबचा पत्ता सांगितला, आणि आत निघून गेली. कशासाठी न्यायचा ते कुणी बोललं नाही. आई रिक्षात बसली आणि लॅबच्या दारावरून परत आली. "यांच्या डोक्याचा तुकडा होता तो. बाळाची वार आपण पुरतो की नाही? तुझं जावळ मी बासरला नेऊन गोदावरीत सोडलं, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. अन् यांचं अंग मी परक्याच्या फळीवर ठेवून यायचं? काढलं ते गेलं, असंच वाटलं मला. मागच्या अंगणात तगरीखाली पुरलं, हळद-कुंकू वाहिलं."

"आणि साधी गाठ म्हणाले, ते?"

ती परत ओट्याकडे वळली. मग म्हणाली, "आठ दिवसांवर रितेशच्या घरची माणसं येणार होती. तपासलं असतं अन् ते नाव निघालं असतं, तर? लोक काय काय बोलतात. मी म्हटलं, नकोच ते नाव."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. माझ्या साखरपुड्याला यात ओढू नकोस, एवढं दोन-तीनदा म्हटल्याचं आठवतं. मला संताप आला होता आणि त्याच्या खाली भीती होती, खरी भीती, की अप्पा जाणार, आणि ते माझ्या साखरपुड्याच्या पेढ्यांपायी जाणार. आई उभी राहून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "यांना सांगू नको. एवढं कर माझं." मी कबूल केलं, कारण दुसरं करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

सकाळी करीमसाहेबांची माफी मागायला गेले. कारण सांगितलं नाही, नुसतं चुकलं म्हटलं. "हौ बेटी," ते म्हणाले, "घर में मरज आया तो आदमी किसी पे तो चिल्लाताच है." आणि समोरच्या हॉटेलातून चहा मागवला.  तिथून डॉक्टर अपर्णांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी केसपेपरवर 'पहिला नमुना तपासलेला नाही' असं लिहिलं. "बाटली हातात देताना ती का द्यायची हे सांगणं आमच्या लोकांचं काम होतं," त्या म्हणाल्या. "आईंना बोलू नका."

"तेव्हाच तपासलं असतं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तर कदाचित मानेपर्यंत आलं नसतं. कदाचित. याहून जास्त मी म्हणू शकत नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी अप्पांना समजावलं. डोक्यावरची जागा भोवतालच्या दोन बोटं चांगल्या कातडीसकट काढायची, खालच्या हाडाचा वरचा थर तासायचा, शेजारची कातडी सरकवून ती जागा झाकायची आणि तिथं मोकळं राहील त्यावर मांडीची कातडी लावायची. मग कानापासून गळ्याच्या हाडापर्यंत मान उघडून सगळ्या गाठी काढायच्या. खांदा उचलणारी शीर तिथूनच जाते, तिला धक्का लागू शकतो.

अप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं. "उजवा हात दाभण चालवंल न?"

"दाभण चालवेल. वरच्या फळीपर्यंत जाईल की नाही, ते आज सांगत नाही."

"वरची फळी खाली घेता येतीय," अप्पा म्हणाले.

ऑपरेशन सात तास चाललं. रक्ताचा थेंब पाहिला की आईला घेरी येते, म्हणून मी तिला लांबच्या बाकावर बसवलं होतं. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आल्या, मागं एक अटेंडंट ट्रे घेऊन. काढलेलं नातेवाइकांना दाखवायची तिथं पद्धत आहे. मी पुढं झाले, तर आई माझ्याही पुढं जाऊन उभी. तिनं पाहिलं. पूर्ण पाहिलं. डोक्याच्या तुकड्याच्या एका कडेला काळा दोरा बांधलेला होता.

"हा दोरा कशाला?" तिनं विचारलं.

"कपाळाकडची बाजू कुठली ते लॅबला कळावं म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. "एखाद्या कडेला काही राहिलं असेल, तर नेमकं कुठं ते आम्हाला सांगता येतं."

"म्हणजे नुसतं बघून कळत नाही तुम्हाला?"

"नाही हो. म्हणून तर पाठवायचं."

 काढलेलं डब्यांत भरून अटेंडंट निघाला, तशी आई त्याच्या मागं चालू लागली. दोन जिने खाली, लांबलचक व्हरांडा, लॅबची खिडकी. त्यांनी डबे आत घेतले, नंबर लिहिला. मी अर्ध्या तासानं तिला शोधत गेले, तर ती त्या खिडकीसमोर जमिनीवर बसलेली.

"आई, रिपोर्ट दहा दिवसांनी येतो."

"सांगितलं त्यांनी." ती उठेना. "आत नेलेलं मी पाहिलंय. अजून जरा बसते."

अप्पा घरी आले ते डोक्याला मोठं बँडेज, मांडीवर पट्टी आणि उजवा खांदा उतरलेला अशा अवस्थेत. आरशात मानेवरचे टाके पाहून म्हणाले, "अंतर सारखं हाय. हात चांगला हाय बाईंचा." आई त्यांचं सगळं करायची. पण त्यांच्यासमोर बसायची नाही. पाणी ठेवलं की निघाली, औषध दिलं की निघाली. त्यांचं जेवण झाल्यावरच दोन घास खायची, तेही ओट्याशी उभ्यानं. वजन तिचंही उतरलं. सांगून टाक म्हटलं की मान हलवायची. मला तिचा राग यायचा आणि लगेच तिची कीव यायची, आणि दोन्ही एकदम सोसायला मला जमत नव्हतं.

दहाव्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन आले. डोक्याच्या चारी कडा आणि तळ साफ. मानेतल्या एकतीस गाठींपैकी दोन गाठींत कॅन्सर, त्यातल्या एकीचं आवरण फुटून तो बाहेर आलेला. म्हणजे सहा आठवडे रेडिएशन, आणि त्यानंतर दर दोन महिन्यांनी जाऊन काय दिसतंय ते पाहायचं. मी अप्पांना मराठीत सांगितलं. ते "हौ" म्हणाले. आई दारात उभी राहून ऐकत होती, ऐकून आत गेली.

"फाइल घे," अप्पा म्हणाले. "शेवटाला पट्टी शिवून ठेवलीय मी. तिला लाव हा कागद. माझा हात तितका जायचा नै."

ॲडमिट होण्याआधीच त्यांनी या रिपोर्टसाठी पट्टी शिवून ठेवली होती. मी कडेला खळ लावली, कागद चिकटवला, दाबून धरला. मग कागद वाळेपर्यंत सहज पहिल्यापासून पानं उलटली. नर्सिंग होमची चिठ्ठी. आणि त्याच्यामागं अख्खं कोरं पान.

मी लहानपणापासून त्या दुकानात बसलेली मुलगी. महिनाभर तेच पान बघत होते आणि तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अप्पा, इथं पट्टी का नाही?"

त्यांनी डाव्या हातानं पानाची कड सारखी केली.

"ही फाइल तुम्ही डॉक्टरांनी तो रिपोर्ट मागायच्या आधी बांधलीत. मी लॅबमध्ये भांडायला जायच्या आधी. येणारं पान असतं तर तुम्ही पट्टी शिवली असती."

"बाटली पाह्यली व्हती मी," अप्पा म्हणाले. "तवाच. ओट्यावर, धुऊन पालथी घातलेली. लॅबवाले काय बाटल्या धुऊन वापस देतेत का?"

"मग विचारलं का नाहीत?"

"काय विचारू? तुझी सोयरीक व्हती. अन्..." ते थांबले. "सोयरीक तर व्हतीच. पण मी भ्यालो, माधवी. खरं सांगतो. ते नाव मलाबी नक्को व्हतं. तिनं साधी गाठ म्हणलं, अन् मला ते बरं वाटलं."

मग मात्र मी आवाज सोडला. माझ्या नावानं दोघांनी एकेक खोटं सांभाळलं, मला कुणी विचारलं का? मी लग्न मोडू दिलं असतं, दहा लग्नं मोडू दिली असती! आणि ती बाई उभ्यानं जेवते, तुमच्याकडे मान वर करून बघत नाही, कारण तिला वाटतं तुम्हाला ठाऊक नाही. तिला वाटतं तिनं एकटीनं तुम्हाला या गाठींत लोटलं. आणि तुम्ही कोरं पान शिवून गप्प!

अप्पांचा चेहरा उतरला. "मला वाटलं दवाखान्यामुळं परेशान हाय ती," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग त्यांनी हाक मारली, "त्रिवेणी."

आई मऊ भाताची वाटी घेऊन आली, स्टुलावर ठेवली आणि वळली.

"बस इथं. बाटलीचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."

आई वळलेली तशीच उभी राहिली.

"ओट्यावर पाह्यली मी. गप बसलो. तू एकलीनं नै केलं काही. माझं डोकं व्हतं, मी विचाराय पाह्यजे व्हतं."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. अप्पांच्या समोर कधी आवाज न चढवलेली माझी आई अशी ओरडली, की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. "ठाऊक होतं? अहो, मी रोज त्या तगरीखाली पाणी घालते अन् म्हणते, मी मारलं यांना! रोज! तुमच्या टोपीला पुन्हा डाग दिसला त्या दिवशी मी टोपी धुवायच्या आधी भिंतीवर डोकं आपटून घेतलं! अन् तुम्हाला ठाऊक होतं?"

"हौ," अप्पा म्हणाले. "ठाऊक व्हतं."

ती धापा टाकत होती. मग पलंगाच्या कडेवर बसली, कितीतरी दिवसांनी त्यांच्यासमोर बसली, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं. अप्पांनी तिच्या डोक्यावर ठेवायला उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला, पुढं जाईना. मी धरायला पुढं झाले. पण आईनंच मान खाली घातली आणि आपलं डोकं त्यांच्या हाताखाली नेलं.